पेन्टॅक्स के-१००० ला फ्लॅश लावताना

जुना मेकॅनिकल कॅमेरा फ्लॅशशी फक्त एवढंच बोलतो: ‘आता’. शटर पूर्ण उघडलं की आतले दोन बारीक पत्रे एकमेकांना टेकतात, सर्किट जुळतं आणि फ्लॅश पडतो. माणूस किती लांब उभा आहे, आत कितीचा रोल आहे, लेन्सवर ॲपर्चर (उजेड आत सोडणारं भोक) काय ठेवलंय, यातलं काहीच फ्लॅशला कळवलं जात नाही. डिजिटल कॅमेऱ्यात हे सगळं आपल्या नकळत जमून जातं. के-१००० मध्ये, यशिका इलेक्ट्रो ३५ मध्ये किंवा काकांच्या कपाटातून निघालेल्या रोलिकॉर्डमध्ये ते आपण ठरवायचं असतं. हिशोब पाढ्यांच्या पुढे जात नाही, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

उदाहरणाला के-१००० घेतलाय. पेन्टॅक्सने तो १९७६ ते १९९७ असा सलग बनवला, फोटोग्राफी शिकणाऱ्या पोरांच्या गळ्यात तो हमखास असायचा आणि आजही मुंबईच्या बोरा बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात चालू स्थितीत मिळून जातो. दुसऱ्या कॅमेऱ्यात जिथे गोष्ट वेगळी आहे तिथे तसं सांगतो.

आधी फ्लॅशची तब्येत बघा

कॅमेऱ्याला लावण्याआधी फ्लॅश एकटाच तपासायचा. सेलचं झाकण उघडा. पट्ट्यांवर पांढरी-हिरवी पूड असेल तर कुणीतरी सेल आत ठेवूनच तो कपाटात टाकला होता, हे उघड आहे. कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब व्हिनेगर घेऊन पट्ट्या पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुन्हा पुसून पूर्ण वाळू द्या. हट्टी डागाला पेन्सिलचा खोडरबर चालतो. पट्टीच कुजून तुटली असेल तर असा फ्लॅश घेऊ नका.

आता चार पेन्सिल सेल घाला आणि चालू करा. बारीक, चढत जाणारी शिट्टी ऐकू आली पाहिजे. तो आवाज आला म्हणजे आतलं सर्किट जिवंत आहे. बरीच वर्षं पडून राहिलेल्या फ्लॅशचा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) सुस्तावलेला असतो, त्यामुळे पहिल्यांदा चार्ज झाल्याचा दिवा लागायला मिनिटभर किंवा जास्तही लागेल. दिवा लागल्यावर लगेच फ्लॅश मारू नका, पाच-दहा मिनिटं तसाच चार्ज राहू द्या. मग मॅन्युअलवर, पूर्ण ताकदीने, टेस्टचं बटण दाबून मारा. असं काही वेळा केलं की चार्ज व्हायचा वेळ कमी होत जातो. फ्लॅश जास्तच गरम झाला, जळका वास आला किंवा अंग फुगलेलं दिसलं तर सेल काढा आणि नाद सोडा. स्क्रूड्रायव्हर घेऊन उघडायला मात्र अजिबात बसू नका. आतल्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि सेल काढले तरी तो बराच वेळ टिकतो.

सेल म्हणाल तर रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड उत्तम. व्होल्टेज १.५ ऐवजी १.२ असलं तरी ते करंट झटकन देतात, म्हणून दोन फ्लॅशमधलं थांबणं कमी होतं. काम झालं की सेल बाहेर काढून ठेवायचे. कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात तर ही सवयच लावून घ्या.

यानंतर ट्रिगर व्होल्टेज. फ्लॅश चार्ज असताना त्याच्या पायाच्या मधल्या बिंदूवर जो दाब असतो, तो कॅमेऱ्याच्या आतल्या पत्र्यांवर पडतो. मल्टिमीटर डीसीवर ठेवा, लाल टोक मधल्या बिंदूला आणि काळं पायाच्या कडेच्या धातूला लावा, आकडा वाचा. विविटार २८३ हा आपल्याकडच्या लग्नाच्या फोटोग्राफरांचा लाडका फ्लॅश. त्याच्या सुरुवातीच्या जपानी बनावटीत हा आकडा २०० च्याही वर जातो, नंतरच्या काही मालिकांत तो १० च्या आत आला. के-१००० सारख्या निव्वळ धातूचे संपर्क असलेल्या कॅमेऱ्याला जास्त व्होल्टेज सहसा सोसतं, कारण त्या काळचे फ्लॅश तसेच होते. पण ज्याचं शटर इलेक्ट्रॉनिक आहे अशा कॅमेऱ्यावर, आणि डिजिटलवर तर नक्कीच, न मोजता जुना फ्लॅश चढवू नका. एक फ्लॅश घरात सगळ्या कॅमेऱ्यांवर फिरवणाऱ्यांनी आकडा कागदावर लिहून त्याच्या तळाला चिकटवून ठेवावा.

जोडायचं कुठे

के-१००० च्या डोक्यावर हॉट शू आहे, म्हणजे फ्लॅश बसवायची आणि त्यालाच ‘आता’ सांगायची खाच. फ्लॅश सरकवला, चाक घट्ट केलं, झालं. शूमधला मधला बिंदू काळा पडला असेल तर तोही खोडरबराने घासून घ्या. ‘फ्लॅश कधी पडतो, कधी पडत नाही’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं.

यशिका इलेक्ट्रो ३५ मध्ये थोडी गंमत आहे. जीएसएन आणि जीटीएन या नंतरच्या मॉडेलांना हॉट शू आहे. आधीच्यांना नुसता धातूचा खाचा आहे, त्यात फ्लॅश बसतो पण पेटत नाही. तिथे पीसी केबल लागते. कॅमेऱ्याच्या कडेला तीन मिलिमीटरचं गोल भोक असतं, त्यात ती जाते. हे पीसी म्हणजे संगणक नव्हे. प्रोंटोर आणि कॉम्पुर या जर्मन शटरांची ती आद्याक्षरं आहेत. ही जोडणी मुळातच नाजूक. केबल ओढली की निसटते, जुनी झाली की आत तुटते आणि वरून काहीच दिसत नाही. दोन केबल जवळ ठेवा. जास्त व्होल्टेजचा फ्लॅश लावला असेल तर उघड्या टोकाला बोट लावू नका, चांगला झटका बसतो.

निकॉन एफ३ चा शू रोल गुंडाळायच्या खुंटीभोवती आहे आणि आकारानेही निराळा, त्याला अडॅप्टर हवा. ऑलिम्पस ओएम-१ चा शू काढता-घालता येतो, म्हणून जुन्या बाजारातल्या ओएम-१ वर तो बऱ्याचदा हरवलेलाच असतो. घेताना विचारा.

सिंक स्पीड

के-१००० चं शटर म्हणजे रबर लावलेल्या रेशमी कापडाचे दोन पडदे. पहिला पडदा आडवा सरकतो, फिल्म उघडी पडते. मागून दुसरा येऊन झाकतो. १/६० सेकंद किंवा त्याहून संथ वेगाला पहिला पडदा पूर्ण सरकल्यावर आणि दुसरा निघायच्या आधी एक क्षण असा येतो, की अख्खी फ्रेम उघडी असते. फ्लॅशने त्याच क्षणी पडायचं. १/१२५ ला दुसरा पडदा आधीच निघालेला असतो. फिल्मवरून मग फक्त एक फट सरकत जाते, आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याहून कमी वेळात विझणारा फ्लॅश त्या फटीतून दिसेल तेवढाच भाग उजळतो. उरलेली फ्रेम काळी.

म्हणून नियम एकच: शटर १/६० वर किंवा त्याहून संथ. ही मर्यादा म्हणजेच सिंक स्पीड. डायलवर ६० जवळ एक्सची खूण आहे. प्रत्येक कॅमेऱ्याची मर्यादा वेगळी असते. झेनिट-ई १/३०, लायका एम६ १/५०, ओएम-१ १/६०. निकॉन एफएम२ चं शटर उभं सरकतं, अंतर कमी पडतं, म्हणून १९८२ मध्ये तो आला तेव्हा १/२०० होता आणि पुढे १/२५० झाला. त्यात चुकलात तर काळा पट्टा बाजूला न येता वर किंवा खाली येतो.

लीफ शटरवाल्यांना ही अडचणच नाही. यशिका इलेक्ट्रो, कॅनोनेट, यशिका मॅट १२४जी, रोलायफ्लेक्स यांच्या शटरच्या पाकळ्या लेन्सच्या आतच उघडतात आणि मिटतात. १/५०० ला सुद्धा त्या क्षणभर पूर्ण उघडतात, त्यामुळे कुठल्याही वेगाला फ्लॅश चालतो. भर उन्हात याची किंमत कळते, त्याकडे येऊच.

एक्स, एम आणि तो व्ही

जुन्या रोलिकॉर्ड किंवा रोलायफ्लेक्सवर एक छोटी कळ दिसते, तिच्याजवळ एक्स आणि एम लिहिलेलं असतं. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशसाठी एक्स. नेहमी एक्स.

एम हा बल्बच्या काळचा वारसा. १८८७ मध्ये जर्मनीत मीथे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमची भुकटी वापरात आणली, १९३० च्या आसपास काचेचे एकदाच जळणारे बल्ब आले. असा बल्ब पेटवल्यावर त्याचा उजेड शिगेला पोचायला सुमारे २० मिलिसेकंद लागतात. म्हणून एमवर कॅमेरा आधी बल्ब पेटवतो आणि मग, थोडं थांबून, शटर उघडतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅश एमवर लावलात तर शटर उघडेपर्यंत तो विझलेलाही असतो. रोल धुऊन आला की सगळ्या फ्रेम कोऱ्या. ओएम-१ वर हीच कथा एक्स आणि एफपी अशी आहे, एफपीही बल्बसाठीच. पीसीच्या भोकाभोवतीचं कडं फिरवून एक्सवर आणा.

त्याच कळीवर व्ही दिसला तर तो सेल्फ टायमर. साठ-सत्तर वर्षांच्या शटरमध्ये त्याचं तेल घट्ट झालेलं असतं आणि तो मध्येच अडकला तर अख्खं शटर बंद पडतं. नीट सर्व्हिसिंग झालेलं नसेल तर व्हीला हात लावू नका.

रोल न घालता तपासणी

रोल महाग झालेत, तेव्हा हे आधी करा. के-१००० चं मागचं झाकण उघडा. फिल्म जिथे ताणली जाते त्या दोन रुळांवर बटर पेपरचा तुकडा धरा. पडद्याला टेकू द्यायचा नाही, कापड नाजूक असतं. लेन्सचं ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवा, ५० मिमीच्या नेहमीच्या लेन्सवर एफ २ (एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं). खोलीत अंधार करा, कॅमेरा मीटर-दीड मीटरवरच्या पांढऱ्या भिंतीकडे रोखा, शटर १/६०, फ्लॅश चार्ज, आणि बटर पेपरकडे बघत क्लिक करा. क्षणभर अख्खा आयत उजळला पाहिजे, चारही कोपऱ्यांसकट. आता १/१२५ ला करून बघा, एका बाजूचा उभा पट्टा काळा राहील. सिंक स्पीड समजून घ्यायला याहून स्वस्त शिकवणी मिळणार नाही.

१/६० लाही पट्टा काळा राहत असेल तर पडदे मंदावलेत. १/३० वर काम भागेल, पण कॅमेरा कारागिराकडे न्यायची वेळ झाली आहे.

लीफ शटरच्या कॅमेऱ्यात हीच तपासणी मागून लेन्समधून बघत होते. एक्सवर उजेडाचा पूर्ण गोल दिसतो, एमवर वरच्या वेगांना काहीच दिसत नाही.

मॅन्युअलचा हिशोब

आता मुद्द्याची गोष्ट. के-१००० च्या व्ह्यूफाइंडरमधली मीटरची सुई फ्लॅशच्या बाबतीत ठार आंधळी आहे. फ्लॅश पडायच्या आधीचा उजेड ती मोजते. सुई खाली लोळत असेल तर लोळू द्या.

फ्लॅशचा फोटो नीट येणं दोनच गोष्टींवर अवलंबून असतं, अंतर आणि ॲपर्चर. शटरचा त्यात संबंध नाही. फ्लॅश इतक्या झटकन संपतो, की शटर १/६० असो वा १/८, फिल्मवर त्याचा उजेड तेवढाच पडतो. शटर बदललं की बदलतो तो खोलीतला मूळचा उजेड. फ्लॅशला ॲपर्चर, खोलीला शटर, हे पक्कं बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

प्रत्येक फ्लॅशचा एक गाईड नंबर असतो, बहुधा १०० आयएसओच्या रोलसाठी दिलेला (आयएसओ जास्त तितका रोलला उजेड कमी लागतो). त्याला अंतराने भागलं की ॲपर्चर मिळतं. समजा नंबर २८ आहे, मीटरमध्ये. माणूस साडेतीन मीटरवर आहे. २८ भागिले ३.५ बरोबर ८, म्हणजे एफ ८. पाच मीटरवर असेल तर ५.६. अडीच मीटरवर एफ ११, सात मीटरवर एफ ४. अंतर मोजायला टेप लागत नाही: लेन्स फोकस करा आणि तिच्या कड्यावरचा मीटरचा आकडा वाचा.

४०० चा रोल घातला की गाईड नंबर दुप्पट होतो, २८ चे ५६. २०० ला दीडपटीच्या जरा आत, ४० धरा. जुन्या फ्लॅशवर नंबर फुटात छापलेला असतो. विविटार २८३ चा १२० हा फुटातला आहे, मीटरमध्ये तो ३६ होतो. हे न बघता १२० ला मीटरने भागलं तर फोटो ठार अंडर, म्हणजे काळपट जाणार.

शिवाय कंपनीचा आकडा जरा फुगवलेलाच असतो. तो पांढऱ्या भिंती-छताच्या मध्यम खोलीत मोजलेला, जिथे इकडून तिकडून उजेड परत येतो. रात्री अंगणात किंवा मैदानावरच्या मांडवात एक स्टॉप जास्त उघडा, म्हणजे दुप्पट उजेड आत घ्या.

ऑटो फ्लॅश

जुन्या फ्लॅशच्या पुढच्या बाजूला वाटाण्याएवढी एक काच असेल तर तुमचं काम निम्मं झालं. तो सेन्सर आहे. माणसावर आपटून परत येणारा उजेड तो मोजतो आणि पुरेसा झाला की फ्लॅश तोडतो. वापरायचं असं: फ्लॅशच्या डायलवर रोलचा आयएसओ लावा. पिवळा, लाल वगैरे रंगांपैकी एक निवडा. त्या रंगासमोर जो एफ नंबर दिसेल तोच लेन्सवर ठेवा. त्याच रंगासमोर जास्तीत जास्त अंतर दिलेलं असतं, त्याच्या आत राहा. बस. दोन मीटरवरून चार मीटरवर गेलात तरी ॲपर्चर बदलायला नको.

थायरिस्टर (फ्लॅश मध्येच तोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) असलेल्या फ्लॅशमध्ये न वापरलेला चार्ज वाचतो. लग्नात याचा खरा उपयोग. अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या, माळा घातल्या, हे सगळं काही सेकंदांत होतं. मॅन्युअलवर पूर्ण ताकदीने पहिला फ्लॅश मारला की दिवा परत लागेपर्यंत आठ-दहा सेकंद जातात, तोवर नवरदेवाला उचलून झालेलं असतं. ऑटोवर, दोन-अडीच मीटरवरून, मोठ्या ॲपर्चरच्या रंगावर ठेवलात तर दुसरा फोटो जवळजवळ लगेच घेता येतो. अशा वेळी एफ ११ चा हट्ट धरू नका, ४ किंवा ५.६ घ्या.

सेन्सर फसतो तेही ठाऊक असावं. मागे काळोखं मैदान असेल तर त्याला वाटतं उजेड कमी पडतोय, आणि चेहरे ओव्हर, म्हणजे पांढरेफटक होतात. पांढरं धोतर, पांढरी साडी, चुन्याची भिंत असं फ्रेमभर पांढरं असेल तर तो लवकर तोडतो आणि चेहरे काळवंडतात. पहिल्या वेळी ॲपर्चर एक स्टॉप बंद करा, दुसऱ्या वेळी एक स्टॉप उघडा.

भर दुपारचं ऊन आणि संध्याकाळचे दिवे

दुपारी बाराला हळदीच्या कार्यक्रमात डोळ्यांखाली काळ्या खाचा पडतात. त्या भरायला फ्लॅश हवा. हिशोब करा. कडक उन्हात १०० चा रोल १/१२५ ला एफ १६ मागतो. के-१००० ला १/६० च्या वर जाता येत नाही, म्हणजे एफ २२. गाईड नंबर २८ भागिले २२, सव्वा मीटर. एवढ्या जवळून फोटो काढायचा तर नवरीच्या कानात बोलल्यासारखं होईल. ४०० चा रोल असेल तर विषयच संपला, तेवढं बारीक ॲपर्चर लेन्सवर नसतं.

हेच लीफ शटरवर बघा. १/५०० आणि एफ ८, ऊन तेवढंच, आणि फ्लॅश साडेतीन मीटरपर्यंत पोचतो. म्हणून बाहेरच्या समारंभाला मी यशिका नेईन आणि के-१००० घरी ठेवीन. इलेक्ट्रो ३५ ऑटोवर ठेवून एफ ८ लावलंत तर उन्हासाठी शटर तो स्वतः निवडतो, फ्लॅश कुठल्याही वेगाला चालतोच.

उन्हात फ्लॅश उन्हाइतकाच ताकदीचा पडला तर चेहरा चिकटवल्यासारखा दिसतो. तो दीड-दोन स्टॉप कमी हवा. ऑटो फ्लॅशला फसवायचं: लेन्सवर एफ ८, पण फ्लॅशवर एफ ४ चा रंग लावा. तो एफ ४ पुरताच उजेड टाकेल, म्हणजे दोन स्टॉप कमी. के-१००० वाल्यांनी माणसांना मांडवाच्या किंवा झाडाच्या सावलीत घ्यावं. मोकळ्या सावलीत १०० च्या रोलला १/६० ला साधारण एफ ५.६ मिळतं. तिथे लेन्स ५.६ वर आणि फ्लॅश २.८ च्या रंगावर ठेवा, छान बसतं.

संध्याकाळी उलट करायचं. दिवाळीच्या पणत्यांपुढे १/६० ने फ्लॅश मारला की चेहरा चुन्यासारखा पांढरा आणि मागे काळोख, पणत्यांचा फक्त ठिपका. शटर १/१५ किंवा १/८ वर न्या, कॅमेरा ट्रायपॉडवर. मीटरची सुई आता उपयोगी आहे: ती खोलीचा उजेड दाखवते, तिला मध्यापासून एखादा स्टॉप खाली राहू द्या. ॲपर्चर फ्लॅशच्या हिशोबानेच. पणत्यांचा पिवळा उजेड फिल्मवर उतरतो आणि चेहरा फ्लॅशने थिजतो. माणूस हलला तर कडेला अंधुक छाया येते, मला ती खटकत नाही.

फ्लॅश कॅमेऱ्यावर हवाच असंही नाही. वाड्याच्या चौकात अंधार पडल्यावर कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, शटर बीवर (बटण दाबलेलं असेतो उघडं), केबल रिलीज म्हणजे बटण दाबायची तार लावून उघडं धरा, आणि फ्लॅश हातात घेऊन एकेका खांबापाशी टेस्टचं बटण दाबत फिरा. एफ ८ असेल तर प्रत्येक खांबापासून साडेतीन मीटर. फ्लॅश आपल्या अंगाआड ठेवा, तो स्वतः लेन्सला दिसता कामा नये.

समोरून मारलेला फ्लॅश कसा सुधारायचा

फ्लॅशचं डोकं वर वळत असेल तर छताकडे वळवा, मात्र सेन्सर माणसाकडेच असला पाहिजे. माणूस तीन मीटरवर, छत दहा फुटांवर, तर उजेडाची वाट होते सुमारे सव्वाचार मीटर. २८ ला त्याने भागलं की ६.६ येतं, त्यातून छत खातं ते दोन स्टॉप वजा. १०० च्या रोलला एफ ४ सुद्धा अपुरा पडतो. म्हणून असा छतावरून आपटून आणायचा, म्हणजे बाउन्स करायचा तर ४०० चा रोल आणि एफ ५.६. छत पांढरं हवं. पोपटी छतावरून पोपटी चेहरे येतात. कौलारू घरात, पत्र्याखाली किंवा मांडवात छताचा भरवसाच नाही. तिथे डोकं वर करून त्यामागे पोस्टकार्डाएवढा पांढरा पुठ्ठा रबरबँडने लावा, थोडा पुढे झुकलेला. तेही जमत नसेल तर फ्लॅशवर पांढऱ्या रुमालाची एक घडी टाका आणि मॅन्युअलला एक स्टॉप जास्त उघडा.

मागच्या भिंतीवरची काळी सावली टाळायला माणसांना भिंतीपासून दीड-दोन मीटर पुढे आणा. उभी फ्रेम घेताना फ्लॅश बाजूला जातो आणि सावलीही बाजूला पडते. पीसी केबल लावून फ्लॅश डाव्या हातात वर धरणं त्यावरचा जुना इलाज. चष्मा, समई आणि पैठणीची जर यांच्यात फ्लॅश उमटतो तो जागच्या जागी एक पाऊल बाजूला सरकल्यावर जातो.

घरातला ग्रुप फोटो ही खरी परीक्षा. खाली बसलेली मुलं तीन मीटरवर, मागे उभे काका-मामा साडेचार मीटरवर. अंतर दीडपट, म्हणजे उजेड सव्वादोन पट कमी, एका स्टॉपहून जास्त फरक. मुलं पांढरीफट्ट, मामा अंधारात. दोन मीटर मागे सरका: पहिली ओळ पाचवर, शेवटची साडेसहावर. आता फरक पाऊण स्टॉपच राहिला. फोकस आणि हिशोब दोन्ही मधल्या ओळीवर करा.

पहिला रोल आणि त्याचं वाचन

तुमच्या फ्लॅशचा खरा गाईड नंबर शोधायला सहा फ्रेम पुरतात. कुणाला तरी बरोबर तीन मीटरवर उभं करा, हातात कागद द्या आणि त्यावर मोठ्या अक्षरात ॲपर्चर लिहा. एफ ४, ५.६, ८, ११, १६, २२. प्रत्येक वेळी दिवा लागल्यावरही थोडं थांबून मारा, कारण बऱ्याच फ्लॅशचा दिवा पूर्ण चार्ज व्हायच्या आधीच लागतो. जी फ्रेम सगळ्यात बरी, तिचा एफ नंबर गुणिले तीन. एफ ८ ची बरी आली तर तुमचा नंबर २४, कंपनी काहीही म्हणो. रोल १०० चा नसेल तर हा आकडा त्या रोलसाठीचा समजा.

लॅबच्या स्कॅनवरून मात्र निवड करू नका. स्कॅनर प्रत्येक फ्रेम आपोआप उजळतो किंवा गडद करतो, त्यामुळे तीन फ्रेम सारख्याच दिसतील. निगेटिव्हच उजेडासमोर धरा. चेहरा निगेटिव्हवर विरळ, पारदर्शक असेल तर फोटो अंडर. दाट असून आत बारकावे दिसत असतील तर ठीक. निगेटिव्ह एखादा-दीड स्टॉप ओव्हर आरामात खपवून घेते, अंडर खपवत नाही, म्हणून शंका असेल तिथे ॲपर्चर उघडं ठेवा. स्लाइड फिल्मला हे उलट लागू.

बाकी दोष निगेटिव्हवर स्वतःच बोलतात. एका कडेला स्वच्छ सरळ रेघेत कोरा पट्टा: शटर सिंकच्या वर होतं. सगळी फ्रेम जवळजवळ कोरी पण खिडकी किंवा ट्यूबलाइट तेवढी उमटलेली: फ्लॅश पडलाच नाही किंवा कळ एमवर राहिली. मधलीच एखादी फ्रेम विरळ: दिवा लागायच्या आधी बटण दाबलं. फ्रेमच्या खालच्या भागात मऊ कडेचा कोरा डाग: जवळच्या फोटोत लेन्सच्या हूडने फ्लॅश अडवला. आणि सगळ्याच फ्रेम सारख्या प्रमाणात विरळ असतील, तर फ्लॅशच्या डायलवरचा आयएसओ बघा. मागच्या मालकाने तो ४०० वर ठेवलेला असतो.